मक्याच्या ओळी मोजणारा मुलगा

नवरात्रात तुळजापूरला संबळ घुमू लागला की अंगावर काटा येतो. कुंकवाचा सडा, पोतांचा उजेड, ‘आई राजा उदो उदो’चा गजर. आमच्या मुलखाचा आनंद असा दणदणीत. त्याच गर्दीत एखादं लेकरू दोन्ही कान गच्च दाबून आईच्या पदरात डोकं खुपसतं आणि जिवाच्या आकांतानं ओरडतं. कुणी म्हणतं, ‘लई हट्टी हाय.’ कुणी अंगारा लावायला पुढं होतं. आईची मान खाली जाते. लेकराला मात्र तो आवाज खरोखर टोचत असतो.

असं लेकरू स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेलं, असू शकतं. अशा मुलांच्या मेंदूची घडणच वेगळी असते. आवाज, उजेड, कपड्याचा स्पर्श काहींना सोसवत नाही. काहींना ठेच लागल्याचंही भान नसतं. कुणाचं बोलणं उशिरा येतं, कुणाचं येतच नाही, कुणी ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं परत म्हणतं. हा बरा करायचा आजार नव्हे. जगाकडं पाहण्याची ती जन्मभराची रीत आहे. जगात शंभर-सव्वाशे मुलांमागं एक मूल असं असतं, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. म्हणजे आपल्या प्रत्येक मोठ्या गावात ही मुलं आहेत.

1943 साली अमेरिकेत लिओ कॅनर या डॉक्टरांनी अशा 11 मुलांविषयी लिहिलं. पुढं कितीतरी वर्षं दोष आयांच्या माथी मारला गेला. आईनं माया केली नाही म्हणून मूल असं झालं, असं शिकलेली माणसं सांगत राहिली. बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाचा मुलगा स्वमग्न होता. 1964 मध्ये त्यांनी पुस्तक लिहून हा समज खोडून काढला. साठ वर्षं उलटली, तरी आमच्या ओट्यांवर खटला आईवरच चालतो. तिनं ग्रहण पाळलं नाही, तिनं मोबाइल हातात दिला, तिला नवस फेडायचा राहिला. या अन्यायानं मन पेटतं.

आमच्या भावकीत असा एक मुलगा आहे. तो ओसरीवर बसून चिंचोक्यांची रांग लावतो. एक चिंचोका हलला तरी कासावीस होतो. घरातल्यांनी ती रांग मोडून त्याला ‘शहाणं’ करायचा खूप प्रयत्न केला. त्याची आजी मात्र नुसती शेजारी जाऊन बसू लागली. काही न बोलता एकेक चिंचोका त्याच्या पुढ्यात ठेवायची. पुष्कळ दिवसांनी एकदा त्यानंच एक चिंचोका उचलून तिच्या हातावर ठेवला. मुलाच्या खेळात आपण शिरायचं, त्याची पाळी, आपली पाळी, असं देवघेवीचं नातं जोडायचं, हेच प्रशिक्षित थेरपिस्ट शिकवतात. आजीला ते मायेनं उमगलं.

खरं तर एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करण्याला आपण एरवी वेड म्हणत नाही. येरमाळ्याला येडेश्वरीच्या चैत्री यात्रेत माणसं रानात वाकून चुनखडीचे खडे वेचतात. वारकरी तीच पावली, तोच टाळ, तेच नाम धरून मैलोन् मैल चालतो. त्यात आपल्याला मनाची स्थिरता दिसते. मग लेकराच्या चिंचोक्यांत ती का दिसू नये?

कॅनर यांनी लिहिलेला पहिला मुलगा म्हणजे डोनाल्ड ट्रिपलेट, मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट या लहानशा गावचा. तीन वर्षांचा असताना त्याला संस्थेत ठेवलं होतं. वर्षभरात आईवडिलांनी परत आणलं. पुढं तो एका शेतकरी जोडप्याकडं राहिला. त्याला मोजमापाचा नाद होता, म्हणून त्यांनी त्याला विहीर खणायला लावली आणि तिची खोली सांगायचं काम दिलं. मक्याच्या ओळी तो सारख्या मोजायचा, तेव्हा नांगरता नांगरता मोज म्हणाले. मोठा होऊन त्यानं गावातल्या बँकेत नोकरी केली, गाडी चालवली, जग पाहिलं आणि 2023 मध्ये, 89 व्या वर्षी, आपल्याच गावात देह ठेवला. घरची सुबत्ता होती हे खरं. पण गावानं त्याला आपलं मानलं, हेही तितकंच खरं.

विहिरी आणि ओळी आमच्याकडंही आहेत. पण आमच्या वाट्याला दुष्काळही आहे. कळंब, भूम, वाशी, परंडा भागातली कितीतरी कुटुंबं मुकादमाची आगाऊ उचल घेऊन दिवाळीच्या सुमारास कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, जातात. ज्या लेकराला रोजची थाळीही बदललेली चालत नाही, त्याचं घरच ट्रॅक्टरवर चढतं. नवी कोपी, नवं रान, पहाटेच्या गाड्यांचा गोंगाट. आई फडात, लेकरू पाचटात. त्याच्या ओरडण्याचं कारण शोधायला तिथं कुणाला सवड असणार?

म्हणून सारा भार एकट्या आईवर टाकता येत नाही. अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशननं गावातल्याच बायकांना ‘भारतवैद्य’, म्हणजे गावच्या आरोग्य कार्यकर्त्या, म्हणून तयार केलं. गावातली बाई शिकली तर घराघरांतलं दुखणं ओळखते, हे आमच्याच जिल्ह्यानं पाहिलं आहे. अंगणवाडीताई आणि आशाताईंना स्वमग्नतेच्या खुणा नीट शिकवल्या, तर किती लेकरांची वर्षं वाचतील! 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत स्वमग्नता आहे. किमान 40 टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र मिळालं की सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, आणि ‘निरामय’ योजनेत 1 लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा आहे. बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत तपासणीला येतात. त्यांच्यापासून लेकरू लपवू नये.

दीड-दोन वर्षांचं मूल हाकेला वळत नसेल, हवी ती वस्तू बोटानं दाखवत नसेल, आलेले शब्द हरवत असतील, तर ‘बाप बी उशिराच बोलला व्हता’ म्हणून थांबू नका. याच महिन्यात सरकारी रुग्णालय गाठा. बाकीच्यांनी एवढंच करावं: यात्रेत, लग्नात, एसटीत असं मूल ओरडताना दिसलं तर आईकडं रोखून पाहू नका, तिला वाट करून द्या. शाळेत त्याला शेवटच्या बाकावर टाकू नका. त्याचा नाद मोडू नका. त्या नादाला काम द्या.