किनाऱ्यावरचे निखारे

कफ परेडच्या मच्छीमार नगरात जाळं रिकामं करतात तेव्हा आधी सगळं एकाच ढिगात पडतं. बोंबील, मांदेली, कोळंबी, फुगलेला केंड, शिवाय प्लास्टिकच्या पिशव्या. मग बायका ढिगाभोवती बसतात. तोंडाने शेजारणीशी बोलणं चालू, आणि बोटं आपली मांदेली एका पाटीत, कोळंबी दुसऱ्या पाटीत टाकत असतात. मत्तयच्या तेराव्या अध्यायातला जाळ्याचा दाखला मला इथे उमगला तसा कुठल्याच प्रवचनात उमगला नव्हता. जाळ्यात सगळ्या जातीचे मासे येतात. जाळं भरलं की लोक ते काठावर ओढतात आणि बसून निवडतात. जगाच्या शेवटी देवदूतही असेच निवडतील आणि दुष्टांना अग्नीच्या भट्टीत टाकतील, असं येशू सांगतो.

लहान मुलांना मात्र आपण त्या दाखल्यातली भट्टीच तेवढी सांगतो.

पोप दहावे पायस यांनी १९१० मध्ये पहिल्या कम्युनियनचं वय सातव्या वर्षाच्या आसपास आणलं, कारण त्या वयात मुलाला बरंवाईट कळू लागतं. पण त्याच वयात भीतीही खोल रुजते. माझ्या रविवारच्या वर्गातल्या एका मुलीने विचारलं, "टीचर, माझे पप्पा रविवारी होडीवर असतात. मिस्साला येत नाहीत. ते नरकात जाणार?" मिस्सा चुकवलीस तर नरक, असा धाक घरच्या कुणीतरी तिला घातला होता. तिने तो बापावर नेऊन ठेवला. बाप समुद्रावर असताना वाऱ्यापावसाची काळजी पुरेशी नव्हती का?

मी तिला जवळ घेऊन सांगितलं की गंभीर कारण असेल तर मिस्साला न येण्यात पाप नाही, हे ख्रिस्तसभेचंच म्हणणं आहे. मोठं पाप व्हायला गोष्टही तेवढी गंभीर लागते, ती पुरती माहीत असावी लागते आणि मनापासून केलेली असावी लागते. घरासाठी मासळी आणायला गेलेल्या बापात यातलं काय आहे? तिने मान हलवली, पण तिचं समाधान झालेलं नव्हतं. भीती एका उत्तराने जात नाही.

असं बोललं की मला फातिमा गावातल्या मरियेच्या दर्शनांची आठवण करून दिली जाते. १३ जुलै १९१७ रोजी पवित्र मरियेने दहा वर्षांची लुसिया, नऊचा फ्रान्सिस्को आणि सातची जासिंता यांना नरकाचं दर्शन घडवलं. मग मुलांना नरक सांगायला आपण का घाबरायचं, असं विचारतात. पण लुसियाने पुढे आठवणींत जे लिहून ठेवलं तेही वाचावं. तुम्हाला स्वर्गात नेईन, हे वचन मरियेने त्यांना मे महिन्यातच दिलेलं होतं. ते नसतं तर त्या दृश्याने आम्ही भीतीने मेलो असतो, असं लुसिया म्हणते. म्हणजे आधी स्वर्ग, आणि नरक त्यानंतर दोन महिन्यांनी. आपण हा क्रमच उलटा केला.

नरक नाही, असं मी म्हणत नाही. १९९९ च्या जुलैमध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी सांगितलं की नरक म्हणजे एखाद्या जागेपेक्षा, देवापासून आपणहून कायमचं तुटलेल्यांची अवस्था. अशी अवस्था माणूस वर्षानुवर्षांच्या निवडीने ओढवून घेतो. येशूच्या दुसऱ्या एका दाखल्यात, दारातल्या भिकारी लाजराला रोज ओलांडून जेवायला बसणारा श्रीमंत तिथे पोचला. मच्छीमार नगराशेजारी कफ परेडचे टॉवर उभे आहेत. लाजराची ही गोष्ट मोठ्यांनी आधी स्वतःला सांगावी.

मुलांना मी योहानाच्या शेवटच्या अध्यायापासून शिकवते. पेत्र आणि त्याचे सोबती रात्रभर जाळं टाकून रिकामे राहिलेत. पहाटे काठावर येशू उभा आहे. निखारे पेटलेत, त्यावर मासळी आहे, भाकर आहे. पेत्राने त्याला तीनदा नाकारलं होतं, तरी येशू आधी जेवायला बोलावतो. बाकीचं बोलणं त्यानंतर. कोळ्यांच्या मुलांना यात काहीच समजावून द्यावं लागत नाही. मासा कुठला होता, एवढंच ती विचारतात.

आईबाबांनो, आजीआजोबांनो, ताटात भात टाकला, गृहपाठ राहिला, खोटं बोलला, म्हणून मुलापुढे नरकाचं नाव काढू नका. ही निखाऱ्यांची गोष्ट आधी सांगा. भट्टीची सांगाल तेव्हा मूल थोडं मोठं असू द्या, आणि निवडायला बसणारे आपण नाही, हेही त्याला तेव्हाच सांगा.