कोठी लहान आणि खेळ फार

आमच्या कचेरीत जागेची टंचाई हा बारमाही विषय आहे. ही टंचाई खुर्च्या-टेबलांची नसून कागदावरची आहे. अंकाची पाने ठरलेली, चित्रांच्या चौकटी ठरलेल्या, आणि भाषांतर मात्र मुळापेक्षा चार ओळींनी लांबलेले! त्या चार ओळी कोणत्या काढाव्यात, हे ठरविण्यात माझी नोकरीची दहा-अकरा वर्षे गेली. त्यामुळे काय ठेवावे आणि काय काढावे या शास्त्रात आपण पारंगत आहोत, असा माझा एक गोड समज होता. गेल्या संक्रांतीला पापनाशम मुक्कामी तो पार उतरला. त्याचीच ही हकीकत.

पापनाशम म्हटले की पुष्कळांना तिरुनेलवेलीकडचे, डोंगर आणि धबधब्याचे पापनाशम आठवते. हे ते नव्हे. हे तंजावर जिल्ह्यातले, तंजावरहून कुंभकोणमला जाताना लागणारे, भातशेतीने वेढलेले गाव. माझी ताई तेथे दिली आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजीराजे तंजावरला आले, तेव्हापासून जी मराठी घराणी कावेरीकाठी रुजली, त्यांपैकीच तिचे सासर. घरात अजून मराठी बोलतात. आपल्या कानांना ती थोडी जुन्या वळणाची आणि पुष्कळशी तमिळ हेलाची वाटते. पण दोन दिवसांत कान सरावतात.

ताईला दोन मुले. थोरला तिरुचिरापल्लीला शिकावयास असतो, धाकटी अकरा वर्षांची. चार-पाच वर्षांपूर्वी त्यांच्या काकांनी सिंगापुराहून निंटेंडो स्विच नावाचे खेळांचे यंत्र आणून दिले. हातात धरूनही खेळावे आणि टीव्हीला जोडूनही खेळावे, असे हे यंत्र. ते 2017 साली प्रथम बाजारात आले, तेव्हा त्याच्या पोटात 32 जीबी एवढीच जागा होती, आणि ताईकडचे यंत्र त्याच जातीचे. त्यातही यंत्राचा स्वतःचा संसार काही जागा अडवितो. खेळांच्या वाट्याला उरते ती सुमारे 26 जीबी. एखादा मोठा खेळ एकटाच 14 जीबी घेतो. म्हणजे असे दोन खेळही तेथे सुखाने नांदत नाहीत. म्हणून भावोजींनी एक मेमरी कार्ड घेऊन बसविले. प्रारंभी ते ओसाड माळासारखे मोकळे वाटले. वर्षभरात तेही भरले. घरात नवे कपाट आणले की पसारा कमी न होता कपाटच भरते, हा अनुभव प्रत्येक गृहिणीचा आहे. यंत्राचे कपाट त्याला अपवाद कसे असणार?

मी पोहोचले त्या संध्याकाळी धाकटी तोंड फुगवून बसली होती. सवलतीच्या किमतीत तिने एक नवा खेळ घेतला होता. पण तो उतरवून घ्यावयास कार्डावर जागा नव्हती.

"मावशी, तू तर रोज लोकांचे लेख कापतेस ना? मग हे पण काप की!" ती म्हणाली.

एवढ्या विश्वासाने काम सोपविल्यावर मागे कोण हटणार? मी यंत्र हाती घेतले. ती अंगणात आजीजवळ कोलम शिकावयास गेली.

सुरुवात मी चांगली केली. या यंत्रात खेळ हलविण्याची एक सोयीची रीत आहे. खेळाचा मोठा भार काढून टाकायचा, पण त्याचे चिन्ह पडद्यावर राहू द्यायचे. पुढे हवा झाला तर त्या चिन्हावरून तो पुन्हा फुकट उतरवून घेता येतो, कारण त्याचे पैसे एकदा दिलेले असतात. अशा रीतीने मी दोन मोठे खेळ हलविले. थोडी जागा अजून कमी पडत होती. मग माझी संपादकीय नजर एका वेगळ्या यादीवर गेली. ती होती खेळणाऱ्यांच्या प्रगतीच्या नोंदींची. कोण कोठवर पोहोचला, काय मिळविले, काय बांधले, हे यंत्र ज्यात लिहून ठेवते, त्या या नोंदी. त्यांत थोरल्याच्या नावावर एका खेळाची नोंद होती. पण तो खेळ यंत्रात नव्हता. थोरला शिकावयास गेला तेव्हा जागेसाठी तो हलविलेला होता. मी विचार केला, खेळच नाही तर नोंद कशाची? लेख काढल्यावर त्याची तळटीप कोणी ठेवते काय? यंत्राने एकदा बजावले की ही नोंद पुसल्यावर परत मिळणार नाही. मी ते वाचले, आणि पुसली.

जागा किती झाली? कार्डावर तसूभरही नाही. या यंत्रातील नोंदी कार्डावर नसतातच. त्या यंत्राच्या पोटातल्या जागेत राहतात. आणि ती नोंद होती अवघ्या काही एमबींची. हजार एमबी मिळून एक जीबी होतो, हे लक्षात घेतले म्हणजे माझ्या पराक्रमाचे मोल कळेल. शेवटी धाकटीने स्वतःच खेळताना टिपलेल्या जुन्या चित्रफिती आणि आपला एक अर्धवट सोडलेला खेळ काढला, आणि नवा खेळ रात्रभरात उतरला.

भोगीच्या दिवशी थोरला घरी आला. जेवण झाल्यावर त्याने यंत्र घेतले, आपला जुना खेळ पुन्हा उतरवून घेतला, आणि बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिला. खेळाचे नाव स्टार्ड्यू व्हॅली. एरिक बॅरोन नावाच्या एकट्या माणसाने रचलेला हा खेळ 2016 साली निघाला. त्यात एक पडीक शेत मिळते. ते नांगरावे, पेरावे, गुरे पाळावीत, गावकऱ्यांशी स्नेह जोडावा, असा त्याचा शांत क्रम. पुढे त्यात भाताचे पीकही आले, आणि पाण्याच्या काठी लावले तर ते लवकर वाढते, हे पाहून आमच्या या कावेरीकाठच्या मुलाला कोण आनंद झाला होता! शाळेच्या शेवटच्या चार वर्षांत, अभ्यासातून मिळालेल्या अर्ध्या-अर्ध्या तासात, त्याने ते शेत उभे केले होते. तळ्याकाठी भात, त्यापलीकडे गोठा, आणि एका कोपऱ्यात धाकटीने हट्टाने लावून घेतलेली फुले. आता पडद्यावर दगडधोंड्यांनी भरलेला पहिल्या दिवसाचा माळ दिसत होता.

मी सर्व सांगितले. तो रागावला नाही. "किती जागा मिळाली, मावशी?" एवढेच त्याने विचारले. मी आकडा सांगितला. तो हसला नाही, यंत्र खाली ठेवून बाहेर गेला. धाकटीने माझ्याकडे पाहिले आणि तीही त्याच्या मागोमाग गेली. फुले तिची होती ना!

दुसऱ्या दिवशी पोंगल होता. सकाळी भावोजी मला तिरुप्पालैत्तुरैच्या देवळात घेऊन गेले. पालैवननाथाचे हे प्राचीन शिवालय पापनाशममध्येच आहे. देवळाच्या आवारात नायक राजांच्या काळी, सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधलेले विटांचे एक गोल धान्यकोठार उभे आहे. उंची सुमारे 35 फूट. आत 3000 कलम भात मावत असे. कलम हे तिकडचे जुने माप, बारा मरक्काल म्हणजे एक कलम. आज हे कोठार रिकामे आहे आणि राज्याच्या पुरातत्त्व खात्याने संरक्षित केले आहे. मी मान वर करून पाहत म्हटले, "एवढे मोठे कोठार असते तर काढण्या-ठेवण्याचा प्रश्नच नव्हता!"

भावोजी म्हणाले, "हेही भरत असेलच की. पीक चांगले आले म्हणजे कुठलेही कोठार लहान. सांब्याच्या कापणीनंतर खरेदी केंद्रांपुढे भाताच्या राशी उघड्यावर पडतात, तुम्ही पाहिल्याच असतील. पण आमच्या घरी आईचा एक नियम आहे. जागा नसली तर खाण्याचे भात विकायचे, उसने द्यायचे, ओसरीवर ठेवायचे. बियाण्याच्या पोत्याला हात लावायचा नाही. खाण्याचे भात बाजारात पुन्हा मिळते."

त्यांनी खेळाचे नावही काढले नाही. पण मला जे कळायचे ते कळले. मी आकारावरून किंमत ठरविली होती. मोठे ते महत्त्वाचे आणि लहान ते किरकोळ, असा माझा हिशेब. वास्तविक 14 जीबींचा तो भला मोठा खेळ म्हणजे बाजारचे भात. दर सेकंदाला 10 मेगाबिट वेगाची जोडणी असेल, तर तीन-सव्वातीन तासांत तो पुन्हा घरात येतो. दिवसाला दीड जीबी मिळणाऱ्या मोबाइलवर अवलंबून असाल तर नऊ-दहा दिवस लागतात, पण येतो. ती चिमुकली नोंद मात्र घरचे बियाणे होते. ते जगातल्या कुठल्याही दुकानात मिळत नाही, कारण ते त्या मुलाने स्वतः केले होते.

ही अडचण केवळ ताईच्या घरची नाही. निंटेंडोच्याच वी या 2006 सालच्या यंत्रात अवघी 512 एमबी जागा होती. त्याच्यासाठी दुकानातून उतरवून घ्यायचे नवे खेळ रचणाऱ्यांवर 40 एमबींची मर्यादा होती, तरी लोकांच्या यंत्रांत दाटी झालीच. खेळ कार्डावर ठेवून तेथूनच खेळण्याची सोय मार्च 2009 मध्ये झाली. उलट 2020 चे प्लेस्टेशन 5 पाहा. 825 जीबींपैकी सुमारे 667 जीबी वापरावयास मिळतात. आणि शंभर जीबींहून मोठे खेळ आल्याने तेथेही तीच रड. कोठी वाढली, तसे धान्यही वाढले.

मात्र बाजारावरही डोळे मिटून विसंबू नये. वी यंत्राचे दुकान 30 जानेवारी 2019 रोजी बंद झाले. थ्रीडीएस आणि वी यू या यंत्रांच्या दुकानांतील विक्री 27 मार्च 2023 रोजी थांबली. आज पुन्हा मिळते ते उद्याही मिळेलच असे नाही. म्हणून जुन्या यंत्रावरचा आवडता खेळ हलविण्यापूर्वी त्याचे दुकान अजून उघडे आहे ना, हे पाहावे.

कनू पोंगलच्या दिवशी आम्ही सर्वजण बसून काही नियम ठरविले. ते ताईने कागदावर लिहून कपाटाच्या आतल्या बाजूस चिकटविले आहेत. ज्यांच्या घरी असे यंत्र आहे त्यांना उपयोगी पडावेत म्हणून येथे देते. जागा हवी असेल तेव्हा आधी जुन्या चित्रफिती काढाव्यात, मग खेळून संपलेले मोठे खेळ चिन्ह ठेवून हलवावेत. फार मोठा खेळ घ्यायचाच असेल तर शक्यतो छोट्या चकतीवजा कार्ट्रिजवरचा घ्यावा, म्हणजे त्याचा बहुतेक भार यंत्रावर पडत नाही. एक खेळ संपल्यावाचून दुसरा उतरवू नये. प्रगतीच्या नोंदीला, ती कितीही जुनी दिसो, कोणी हात लावू नये. आणि परवडत असेल तर वर्गणी भरून तिची दुसरी प्रत दूर ठेवण्याची सोय घ्यावी, मात्र सर्वच खेळांना ती लागू नाही, हे आधी तपासावे. शेवटचा नियम धाकटीने सांगितला आणि थोरल्याने तो जाड अक्षरांत लिहून घेतला: ज्याची वस्तू असेल त्याला विचारल्याशिवाय काढू नये.

माझ्या निघण्याच्या आदल्या रात्री दोघे भावंडे यंत्रापुढे बसली होती. नवे शेत काढले होते. थोरला दगड फोडीत होता, धाकटी बाजूला बसून जागा दाखवीत होती. "भात इकडे नको, तळ्याजवळ," ती म्हणाली. "मला माहीत आहे," तो म्हणाला. माझ्याशी तो नेहमीसारखा बोलला, पण जुन्या शेताचा विषय त्याने काढला नाही, आणि मीही काढला नाही. चार वर्षांची मेहनत चार दिवसांत भरून येत नसते.

कचेरीत परत आल्यावर पहिल्याच दिवशी एक लेख चार ओळींनी लांबला. लेखात एका पुलाची लांबी-रुंदी सविस्तर दिली होती, आणि शेवटी लेखकाच्या आजीची दोन ओळींची आठवण होती. पूर्वी मी आठवण काढली असती. या वेळी पुलाची रुंदी काढली. ती कोणालाही शोधून मिळेल. आणि काढण्यापूर्वी लेखकाला विचारले.