कुटचं रिव्हॉल्वर

निवडणूक लागली की बाबा कपाटातलं रिव्हॉल्वर खाकी फडक्यात गुंडाळून ठाण्यात जमा करायला न्यायचे. तेवढे दिवस कपाटाची किल्ली उघड्यावर राहायची, हीच आमची आचारसंहिता. एरवी ते वर्षातून एकदा, दसऱ्याला, पाटावर यायचं. झेंडूचं फूल, हळद-कुंकू आणि बाबांचं ठरलेलं वाक्य : "तुझ्या पणजोबांनी हे कुटला चालवलं." त्याच्या अंगावर बाणाचा एक शिक्का होता. मी त्याला कोंबडीचा पाय म्हणायचो.

बाबा गेले आणि ते माझ्या नावावर करायची वेळ आली. .४५५ बोअर प्रतिबंधित, म्हणजे कागद दिल्लीपर्यंत जाणार. अर्जात मेक, बोअर, नंबर भरायचा होता. ज्या दुकानदाराकडे ते जमा होतं त्याने अंगठ्याने डावीकडचा खटका दाबला. नळी पुढे झुकली आणि सिलिंडरमधून चांदणीसारखी तबकडी वर आली. सहाही काडतुसं एका झटक्यात बाहेर टाकायची ही सोय. किलोभर वजन, मुठीच्या बुडाला दोरीसाठी कडी.

"वेब्ली मार्क सिक्स," तो म्हणाला. भिंगाखाली साल दिसलं : १९१८.

कुट पडलं २९ एप्रिल १९१६ ला.

पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनबरोबर १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी तैग्रिसकाठच्या त्या गावात जवळपास पाच महिने वेढ्यात होत्या. घोडे मारून शिजवले जात होते. हिंदी शिपायांपैकी बऱ्याच जणांनी ते मांस शेवटच्या आठवड्यांपर्यंत शिवलं नाही. मग शरणागती, आणि तुर्कांच्या कैदेत वाळवंटातली पायपीट. पणजोबा जमादार, कमरेला रिव्हॉल्वर असणारच. पण कैदी ते घरी आणतो कसा? एवढं साधं गणित तीन पिढ्यांत कुणाला सुचू नये!

दुकानदाराने आणखी एक खूण दाखवली : दोन बाण, टोकाला टोक लावलेले. एक बाण म्हणजे सरकारी माल. असे दोन म्हणजे सरकारने विकून टाकलेला. कुणा साहेबाने खूश होऊन दिलेलं नव्हे, कुणीतरी पैसे मोजून घेतलेलं. खरं सांगायचं तर मला हेच जास्त आवडलं.

आत्याला सांगितलं तेव्हा ती लसूण सोलत होती. मी १९१६, १९१८ असं सगळं मांडून दाखवलं. तिने पाकळी वाटीत टाकली.

"अरे, पहिलं तिथं द्यावं लागलं ना," ती म्हणाली. "मग दुसरं नको का घ्यायला?"