पाण्यावरची उडी

आमच्या सांगलीत पाण्याचे कौतुक कमी आणि धास्ती जास्त. आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आले, हा पावसाळ्यातला पहिला प्रश्न. २००५ आणि २०१९ चे पूर ज्यांनी पाहिले, त्यांना हे सांगायला नकोच. पण माझे माहेर याच जिल्ह्यातल्या आटपाडीचे, आणि तिथली नदी मला आठवते ती बहुतेक वाळूचीच. लग्न होऊन आले तेव्हा सासरची माणसे उरलेले पाणी खुशाल मोरीत ओतून देतात, हे पाहून माझा जीव तुटायचा. अजून तुटतो.

माणदेश एका जिल्ह्यात मावत नाही. साताऱ्याचा माण तालुका, आमचे आटपाडी, सोलापूरचे सांगोले अशी त्याची पसरण. म्हणून साताऱ्याच्या माण तालुक्यातली मोही गावची मुलगी ऑलिंपिकला गेली, तेव्हा मी सांगलीत बसून ‘आमची ललिता’ म्हणायला लागले, यात कुणी हरकत घेऊ नये.

ललिता बाबर १९८९ साली जन्मली, शेतकऱ्याच्या घरात. लांब पल्ल्याची धावपटू म्हणून नाव झाले, रेल्वेत नोकरी लागली. २०१२, २०१३ आणि २०१४ अशी लागोपाठ तीन वर्षे मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय स्त्रियांत ती पहिली आली. आपल्यासारखी माणसे इथे थांबली असती. नोकरी आहे, नाव आहे, आता स्वस्थ बसावे! ती मात्र पंचविशीच्या सुमारास तीन हजार मीटर स्टीपलचेसकडे वळली. बेलारूसचे निकोलाय स्नेसारेव तिचे प्रशिक्षक होते.

ही शर्यत काय असते, हे मलाही आधी ठाऊक नव्हते. मैदानाला साडेसात फेऱ्या मारायच्या, त्यात अठ्ठावीस वेळा आडवे लाकूड ओलांडायचे. स्त्रियांसाठी त्याची उंची अडीच फूट. नेहमीच्या अडथळ्यांच्या शर्यतीतले लाकूड पाय लागला तर पडते. हे पडत नाही, पडते ती धावणारी. शिवाय सात वेळा लाकडापुढे बारा फूट लांबीचा पाण्याचा हौद. त्यावर पाय देऊन झेप घ्यायची आणि उथळ टोकाला उतरून, ओल्या बुटांनिशी पुन्हा धावायला लागायचे. माणच्या मुलीला भर शर्यतीत पाणी मिळावे, तेही तुडवायला!

तिची वेळ कशी उतरत गेली, ते पाहा. २०१४ साली इंचॉनच्या आशियाई खेळांत ९ मिनिटे ३५.३७ सेकंद आणि कांस्यपदक. २०१५ च्या जूनमध्ये वुहानला आशियाई अजिंक्यपद, ९:३४.१३. त्याच वर्षी बीजिंगच्या जागतिक स्पर्धेत ९:२७.८६ ची वेळ देऊन अंतिम फेरी गाठली आणि तिथे आठवी. मग १३ ऑगस्ट २०१६ ला रिओच्या प्राथमिक फेरीत ९:१९.७६. दोन वर्षांत जवळजवळ सोळा सेकंद! ज्या खेळात एका सेकंदासाठी हिवाळे-उन्हाळे जातात, तिथे हे काय झाले, याचा हिशेब घरी बसून लागायचा नाही.

ऑलिंपिकमध्ये धावण्याच्या वैयक्तिक शर्यतीची अंतिम फेरी गाठणारी १९८४ च्या पी. टी. उषानंतरची ती पहिलीच भारतीय स्त्री. मधे बत्तीस वर्षे गेली होती. १५ ऑगस्टला संध्याकाळी आमच्या घरी दिवाणखान्यात पाटावर बसायलाही जागा नव्हती. अठरा जणींत ती दहावी आली, ९:२२.७४ मध्ये.

“दहावी?” माझे धाकटे बंधू म्हणाले. “हरकत नाही. आपल्यालाही सध्या दहावीचीच काळजी आहे.” त्यांच्या मुलीचे ते दहावीचे वर्ष होते आणि ती जिल्ह्याच्या शालेय स्पर्धेत धावत असे. क्लासवाल्यांनी तिचे पहाटेचे मैदान बंद करायला सांगितले होते. सगळे हसले, ती हसली नाही. मला तो विनोद आवडला नाही, आणि तसे मी सगळ्यांदेखत म्हटले. जगातल्या सगळ्या स्त्रियांत दहावी, आणि आपण शंभरातले टक्के मोजतो!

बंधूंची बाजू अगदीच पोकळ नव्हती, हेही मान्य केले पाहिजे. रिओनंतर ललितेची मोठी शर्यत झाली नाही. सत्ताविसाव्या वर्षी ती तिथे धावली, २०१७ मध्ये लग्न झाले. नंतर राज्य सरकारने तिला उपजिल्हाधिकारी केले आणि २०२० साली ती रायगडातल्या माणगावला तहसीलदार म्हणून रुजू झाली. “बघ, शेवटी खुर्चीच,” असे बंधू म्हणाले. खुर्ची कशाच्या बळावर मिळाली, हे मी विचारले. त्यांनी चहा मागितला.

तिचा विक्रम सात वर्षे टिकला. २०२३ साली बुडापेस्टला मेरठच्या पारुल चौधरीने तो ९:१५.३१ वर आणला. पुरुषांचा भारतीय विक्रम बीडच्या अविनाश साबळेचा. त्याचा आष्टी तालुकाही पाण्यावाचून तहानलेलाच. या शर्यतीचे आणि कोरड्या मुलखाचे काय नाते आहे, देव जाणे.

बंधूंच्या मुलीने मैदान सोडले नाही. दहावीला मार्क पडायचे तेवढे पडले. पहाटे साडेचारला गजर तिच्या खोलीत होतो आणि जागे मात्र बंधू होतात. रस्त्यावर कुत्री असतात म्हणून स्कूटर घेऊन तिच्या मागोमाग जातात.