उपवासाची यादी

"उद्या उपवास कुणाकुणाचा?" या प्रश्नाची खाणावळीत तीन उत्तरं असतात. या चौघींचा, कुणाचाच नाही, किंवा अजून विचारलेलंच नाही. शेवटच्या दोन उत्तरांत प्रोग्रामर हमखास घोळ घालतो.

पुण्याच्या कर्वेनगरात कमिन्स कॉलेजच्या आसपास मुलींच्या खाणावळी पुष्कळ. अशाच एका खाणावळीसाठी जावामध्ये छोटं सॉफ्टवेअर लिहिणं चाललं होतं. माझ्या हाताखालच्या मुलीने डेटाबेसचं कनेक्शन तुटलं तरी उपवासाची यादी देणाऱ्या मेथडमधून रिकामी लिस्ट परत दिली होती. विचारलं तर म्हणाली, "सर, नल परत द्यायचं नाही, असं तुम्हीच सांगता ना?"

सांगतो खरा. टोनी होअर यांनी १९६५ मध्ये अल्गॉल डब्ल्यूत नल आणलं आणि २००९ मध्ये त्याला स्वतःची अब्ज डॉलरची चूक म्हटलं. जोशुआ ब्लॉक यांच्या 'इफेक्टिव्ह जावा'तही सल्ला आहे की यादीत काही नसेल तर रिकामी यादी द्या, नल देऊ नका. मग लूप एकदाही फिरत नाही आणि जागोजागी इफ लावावे लागत नाहीत. पण हा सल्ला 'कुणाचाच नाही' यासाठी आहे. 'विचारलंच नाही' त्यात लपवलं, तर एकादशीच्या आदल्या रात्री साबुदाणा भिजत पडत नाही आणि लॉगमध्ये एक ओळही सापडत नाही. नल पॉइंटर एक्सेप्शन निदान ठणाणा तरी करतं! कनेक्शन तुटलं तर एक्सेप्शन वर जाऊ द्यावं. बाहेरच्या एपीआयकडून नल आलं, तर त्याचा अर्थ दारातच लावावा; आत आल्यावर यादी म्हणजे यादीच.

रिकाम्या यादीवरही डोळे झाकून विसंबू नये. "सगळ्यांनी पैसे भरले का?" हे ऑलमॅचने विचारा, सभासद एकही नसेल तरी जावा बेधडक 'ट्रू' म्हणते. तर्कशास्त्रात ते चोख बसतं, खाणावळीच्या वहीत नाही. एसक्यूएलची तऱ्हा आणखी वेगळी. एकही ओळ नसली तर काउंट शून्य देतो आणि सम नल. महिन्याच्या जमेला कोअलेस लावून शून्य दाखवायला माझी हरकत नसते. जेवणाला मिळालेल्या गुणांच्या सरासरीला मात्र मी ते लावू देत नाही. तिथे 'नोंद नाही' एवढंच यावं. कुणी गुणच दिलेले नसताना आपल्या आमटीला शून्य पाहून खाणावळीच्या मावशी पहिला फोन मलाच करतील.