४७ जी/१३

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली, की आमच्या वाईच्या शाळेत भूगोलाच्या क्षेत्रभेटीची सूचना फिरायची. सरांनी हा मुहूर्त विचार करून धरलेला असे. पावसाळ्यात घाटात धुक्यापलीकडे काही दिसत नाही आणि उन्हाळ्यात कृष्णा आटलेली, दरी धुरकट. नोव्हेंबरात नदीला वाहतं पाणी असतं, हवा लख्ख असते आणि गवत बसू लागल्यामुळे डोंगराचा उतार नीट कळतो.

तयारी मैदानावर सुरू व्हायची. शंभर मीटरची फक्की मारलेली रेघ, आणि प्रत्येकानं नेहमीच्या चालीनं ती चालून आपली पावलं मोजायची. तो आकडा क्षेत्रवहीच्या पहिल्या पानावर लिहायचा. पुढे ओढ्याची रुंदी असो की बांधाची लांबी, टेप नसली तरी अडायचं नाही. मग कोनमापकाच्या मध्यबिंदूतून दोरा ओवून खाली खडा बांधायचा, की उतार मोजायचं साधन तयार. पाठीला लावायला पुठ्ठ्याचं पॅड, शिसपेन्सिल, खोडरबर, सुतळीचं बंडल आणि डबा. शाळेच्या प्रयोगशाळेतलं होकायंत्र आणि वायुदाबमापक मात्र सरांच्या खांद्यावरच्या पिशवीत.

आणि नकाशा! भारतीय सर्वेक्षण विभागाचा, १:५०,००० प्रमाणाचा, क्रमांक ४७ जी/१३. आमची वाई, पाचगणी आणि मधला पसरणीचा घाट त्या एका पत्रकावर मावला होता. तपकिरी समोच्च रेषा वीस-वीस मीटरच्या अंतरानं, दर पाचवी जाड. आदल्या दिवशी वर्गात आम्ही वाईपासून पाचगणीपर्यंतच्या रेषा बोटानं मोजायचो. वाई सातशे मीटरच्या जरा वर, पाचगणी तेराशेच्या अलीकडे. म्हणजे तीसेक रेषा, आणि घाटाजवळ त्या इतक्या दाटलेल्या, की पेन्सिलीचं टोक मध्ये शिरत नसे.

दुसऱ्या दिवशी एसटी तोच घाट चढायची आणि त्या रेषा पोटात जाणवायच्या. सर खिडकीशी वायुदाबमापक धरून मोठ्यानं आकडे वाचत. वाईपासून वर पोचेपर्यंत काटा साठेक मिलिबार खाली आलेला असे. रस्त्याकडेच्या कातळात काळ्या बेसाल्टचे थर एकावर एक, मधूनच लाल मातीचा पट्टा. एक लाव्हा थिजला, त्यावर हवापाण्यानं माती झाली, मग तिच्यावर दुसरा लाव्हा आला आणि माती भाजून लाल झाली. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची ही हकीकत सर ड्रायव्हरला गाडी हळू घ्यायला सांगून खिडकीतून दाखवत. उतरताना तोच घाट आम्ही पायी उतरायचो, थर मोजत, त्यावर हात फिरवत.

पाचगणीच्या टेबललँड पठारावरचा तास मला सगळ्यात प्रिय. पायाखाली जांभा, बेसाल्टच्या डोक्यावर बसलेला. खाली कृष्णेचं खोरं, वायव्येला कमळगड, ईशान्येला पांडवगड. सर म्हणत, “तुम्ही नकाशावर कुठं उभे आहात, ते मला बोट ठेवून दाखवा.” कंपासपेट्या, किल्ल्या लांब ठेवायच्या, लोखंडानं सुई हलते. होकायंत्रातून कमळगडाचा कोन घ्यायचा, मग पांडवगडाचा. प्रत्येकाचा उलटा कोन काढायचा: १८० मिळवायचे किंवा वजा करायचे. मग नकाशावरच्या त्या दोन शिखरांपासून दोन रेघा आपल्याकडे ओढायच्या. जिथं छेदल्या, तिथं आपण. दोन गडांमध्ये काटकोनाच्या आसपास अंतर असल्यामुळे छेद स्वच्छ पडायचा. त्या ठिपक्यावर बोट ठेवल्यावर अंगावर जो काटा यायचा, तो मला परीक्षेच्या कुठल्याही निकालानं दिला नाही.

नकाशा जुन्या सर्वेक्षणाचा होता, त्यात धोमचा जलाशय नव्हता. समोर तर पाणी चमकत होतं. सरांनी आम्हाला निळ्या पेन्सिलीनं त्याचा अंदाजे काठ काढायला लावला आणि शेजारी तारीख घालायला सांगितली. छापील कागदात भर घालायचा अधिकार शाळकरी मुलांना आहे, हे तिथं कळलं.

मग क्षेत्ररेखाटन. आधी क्षितिजाची रेघ, मग लांबचे डोंगर, मग मधली शेतं, शेवटी जवळचा कडा. सावल्या, रंग काही नको. बाण काढून नावं लिहायची, वर दिशा आणि वेळ. सरांच्या गळ्यात कॅमेरा असे, पण तो ते सगळ्यांची चित्रं झाल्यावरच उघडत. मला आजही हे पटतं. फोटोत सगळंच येतं; चित्रात तुम्ही जे ओळखलंत तेवढंच येतं.

खाली वाईत नदीचं काम दुपारनंतर. काठाला दहा मीटर अंतरावर दोन सुतळ्या, वरच्या सुतळीपाशी लिंबू सोडायचं आणि खालच्या सुतळीशी सेकंद मोजायचे. पृष्ठभागाचं पाणी तळच्यापेक्षा वेगानं जातं, म्हणून आलेल्या वेगाला ०.८ नं गुणायचं. खुणा केलेल्या वेळूनं खोली घ्यायची. तिथूनच ढोल्या गणपतीच्या देवळामागे जायचं. १७६२ साली रास्त्यांनी बांधलेल्या या देवळाची मागची भिंत माशासारखी निमुळती आहे. पुराचं पाणी दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जावं म्हणून. रोज नमस्कार करून जायचो त्या देवळाला आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा प्रदक्षिणा घालून पाहिलं.

प्रश्नावली घेऊन मळ्यात जायचं, तेव्हा सरांची एकच ताकीद: आधी रामराम, मग बसा म्हटल्यावर बसायचं, वही त्यानंतर. हळदीच्या एका वाफ्यापाशी मी विचारलं, “आबा, तुमच्या विहिरीला पाणी कधीपर्यंत असतं?”

“शिमग्यापतुर पुरतंय. म्होरं खडकच. तुमच्या वहीत आकडा पायजे व्हय? मग लिवा, मृगात किती पडला, आर्द्रात किती, त्यावर हाय समदं.”

सरांनी त्या नक्षत्रांच्या तारखा काढायला लावल्या आणि पावसाच्या नोंदींशेजारी मांडायला लावल्या. महाबळेश्वरी वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस, आणि तिथून तीस-बत्तीस किलोमीटरवर आमच्या वाईत हजाराच्याही आत. डोंगरावर अंजनी, हिरडा, जांभूळ, खाली बोरी-बाभळी. आबांची कोरडी विहीर आणि महाबळेश्वरचं धुकं एकाच सह्याद्रीचं देणं आहे, हे त्या आलेखानं डोळ्यांसमोर उभं केलं.

आता दहावीच्या भूगोलाचा पहिलाच धडा ‘क्षेत्रभेट’ आहे, याचा मला मनापासून आनंद होतो. फोनवर आपली जागा निळ्या ठिपक्यानं आपोआप दिसते, तीही चांगली सोय आहे. पण तो धडा बाकावर बसून वाचून सोडू नये, अशी मी भेटेल त्या शिक्षकाला गळ घालतो. सर्वेक्षण विभागाची नकाशापत्रकं आता संगणकावरून उतरवून घेता येतात. होकायंत्र महाग नाही. सुतळी आणि लिंबू तर घरचेच.

वाईच्या बाजूनं जाणार असाल, तर टेबललँडवर सकाळी लवकर पोचा. ऊन चढलं की दरीत धूसर होतं आणि पांडवगडाचा माथा नेमका धरता येत नाही. कोन घेताना दोघांनी वेगवेगळा घ्यावा आणि मगच वह्या जुळवाव्यात.