लवणे, वाकणे, मोडणे

‘मोडेन, पण वाकणार नाही’ हे आपल्याकडे भिंतीवर लिहायचे वाक्य आहे. शाळेच्या भिंतीवर ते असते, वक्तृत्व स्पर्धेत हमखास येते आणि टाळ्याही घेऊन जाते. आमच्या मुळशी तालुक्यात तर त्याला विशेष मान. १९२१ साली टाटांच्या धरणाविरुद्ध इथल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला आणि त्याच लढ्याने पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ ही पदवी दिली. अशा मातीत राहून या वाक्याविरुद्ध काही लिहायचे म्हणजे धाडसच. पण गेले वर्षभर आमच्या घरात एका अशा वस्तूची चर्चा चालली आहे, की जिने हे वाक्य पाळले तर माणूस जिवाला मुकेल. ती वस्तू म्हणजे छोट्या विमानाच्या शेपटाच्या चाकाची कमान.

कलाशाखेच्या विद्यार्थिनीने हा विषय कुठून काढला, असा प्रश्न प्राध्यापकवर्गाला पडेल. सांगते. आमचे घर लोहाराचे. पौडच्या वाटेवर आमची भट्टी आहे. ती माझे थोरले चुलते, आप्पा, चालवतात. विळे, कोयते, कुऱ्हाडी, पहारी हा आमचा माल. आप्पांचा मुलगा, म्हणजे माझा दादा, आयटीआय करून पिरंगुटच्या एका कारखान्यात फिटर आहे. त्याला स्वतःच्या हाताने दोन माणसांचे छोटे विमान बांधायचे आहे. हे वेड एकट्या त्याचेच नव्हे. मुंबईत कांदिवलीला कॅप्टन अमोल यादव या वैमानिकाने आपल्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले, २०१६ च्या फेब्रुवारीत ते मुंबईच्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांनी पाहिले, २०१७ मध्ये त्याची सरकारदरबारी नोंदणी झाली आणि २०१९ मध्ये उड्डाणाचा परवाना मिळाला. त्या बातम्यांची कात्रणे दादाच्या पेटीत आहेत. त्याच पेटीत आणखी एक चित्र आहे, ‘एचटी-२’ या शिकाऊ विमानाचे. १९५१ च्या ऑगस्टमध्ये बंगलोरला ते पहिल्यांदा उडाले. त्याचे रचनाकार डॉ. विष्णू माधव घाटगे हे मराठी गृहस्थ. जर्मनीत गॉटिंगेनला लुडविग प्रांट्ल यांच्या हाताखाली शिकून आलेले. पुढे १९५८ मध्ये ‘पुष्पक’ आले आणि देशभरच्या फ्लाइंग क्लबांत कित्येक जण त्यावर उडायला शिकले.

या दोन्ही विमानांची बसण्याची ढब सारखी. पुढे दोन मोठी चाके, नाक वर, आणि शेपटाखाली एक लहानसे चाक. मांजर पुढचे पाय ताठ करून बसते ना, तसे. दादाचे विमानही याच जातीचे. ते लहान चाक विमानाच्या सांगाड्याला ज्या पट्टीने जोडलेले असते, ती ही कमान. एक टोक सांगाड्याला घट्ट, दुसऱ्या टोकाला चाक. पाचशे किलोचे विमान नुसते उभे असले, तर शेपटावर साधारण पन्नास किलोचा भार येतो. उतरताना शेपूट आपटले, की क्षणभर त्याच्या कित्येक पट. तो धक्का कमानीने लवून पोटात घ्यायचा. तिने घेतला नाही, तर तो सांगाड्यात जातो आणि तिथली नळी किंवा जोड तडकतो. ते मात्र कापडाखाली झाकलेले असते, सहज दिसत नाही.

तेव्हा प्रश्न असा, की ही कमान कशाची करायची?

दादाने आणलेल्या पुस्तकांतून मी याचा थोडा इतिहास काढला. पहिल्या महायुद्धातल्या विमानांना शेपटाखाली चाक नसायचेच. ॲश नावाच्या चिवट लाकडाचा एक दांडा असायचा, त्याला रबरी दोरी. तो दांडा गवतात घासत जाई आणि ब्रेकचेही काम करी. पुढे पक्क्या धावपट्ट्या आल्या आणि दांड्याच्या जागी चाक आले. त्याआधी पॅरिसमध्ये सान्तोस-द्युमाँ या ब्राझिली माणसाने १९०७ च्या सुमारास ‘द्मुआझेल’ नावाचे चिमुकले विमान केले, त्याच्या सांगाड्यात चक्क बांबू होता. हे वाचून मला कावड आठवली. खांद्यावरची बांबूची कावड पावलागणिक लवते आणि परत येते, म्हणून तर खांदा टिकतो. बांबू वजनाच्या मानाने फार गुणी. पण तो भिजतो, वाळतो, त्याला कीड लागते, आणि एक कळक दुसऱ्यासारखा नसतो.

आजच्या घरगुती विमानांत चार उमेदवार दिसतात. पहिले कमानीचे पोलाद, म्हणजे जीपला आणि ट्रकला जे पाटे असतात तेच. दुसरे जातिवंत ॲल्युमिनियम. तिसरे टायटॅनियम. चौथे काचतंतू, म्हणजे आपण ज्याला फायबर म्हणतो ते. किलोला किलो लावून पाहिले, तर धक्का पोटात घेण्याच्या शक्तीत पोलाद या चौघांत शेवटचे! टायटॅनियम त्याच्या जवळजवळ दुप्पट धक्का साठवते, ॲल्युमिनियमही त्याच्या आसपास, आणि काचतंतू तर कित्येक पटींनी जास्त. दादाचे मन अर्थातच काचतंतूवर गेले. विमानात वजन वाचवणे म्हणजे पैसे वाचवणे. शेपटाकडचे वजन तर दुहेरी नडते, कारण तोल सांभाळायला पुढे वजन द्यावे लागते.

पण टायटॅनियमची किंमत ऐकून काकूंनी डोळे मोठे केले. मग दादा म्हणाला, “जाऊ दे ते. आप्पा, तुम्हीच करा की कमान. भट्टीमागं जीपचे पाटे पडलेत ढीगभर.”

ते पाटे खरोखरच आमच्या घराचे भांडवल आहे. ताम्हिणी घाटात गाड्यांच्या कमानी बसतात, तुटतात. ते पाटे भंगारातून आमच्याकडे येतात आणि त्यांचे कोयते होतात. कमान पाट्याचा कोयता म्हटले की गिऱ्हाईक दोन पैसे जास्त देते.

आप्पा लगेच काही बोलले नाहीत. त्यांनी एक जीपचा पाटा घेतला. त्याच रुंदीची आणि जाडीची साध्या लोखंडाची पट्टी घेतली. दोन्ही शेजारीशेजारी व्हाइसमध्ये घट्ट पकडल्या, हातभर नव्हे, चाळीस सेंटिमीटर बाहेर ठेवून. टोकांच्या मागे फळी उभी करून खडूने रेघा मारल्या. आधी प्रत्येकीला वीस वीस किलोची वजने टांगली. दोन्ही पट्ट्या सारख्याच लवल्या, दीड सेंटिमीटरच्या आसपास. मी थक्कच झाले. मला वाटत होते, की कमानीचे पोलाद जास्त ताठ असणार. वजने काढली, दोन्ही रेघेवर परत आल्या. मग तांदळाचे पन्नास किलोचे पोते. साध्या पट्टीला ते टांगले, तेव्हा ती खाली गेली ती गेलीच. पोते काढले तरी मान खाली घालून बसली. पाटा मात्र साडेतीन सेंटिमीटर लवला आणि पोते काढताच पुन्हा रेघेवर.

आप्पा म्हणाले, “लवायला दोघं सारखेच असत्यात, पोरी. परत यायला एकच.”

मी हे वाक्य वहीत लिहून ठेवले. पुस्तकात याच गोष्टीला पानभर लागले होते. पोलाद तापवून, विझवून त्याचा ताठपणा बदलत नाही. किती लवल्यावर ते कायमचे वाकेल, ती हद्द तेवढी पुढे जाते. आमच्या भाषेत यालाच पाणी देणे म्हणतात. हत्याराला पाणी, माणसाचेही पाणी. आणि गंमत अशी, की कमानीच्या पोलादाला पाणी देताना पाणी चालत नाही. पाण्यात ते तडकते, तेल लागते. साडेआठशे-नऊशे अंशांवर तापवायचे, तेलात विझवायचे, मग साडेचारशेच्या पुढेमागे पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा उतरवायचा. आप्पा हे रंगावरून ओळखतात.

एवढे सगळे येत असूनही आप्पांनी नकार दिला.

“कोयता मोडला तर गिऱ्हाईक शिव्या देईल, मी दुसरा करून देईन. हितं माझं पोरगं बसणार हाय. हा पाटा कुठल्या गाडीचा, किती वर्सं घाटात नाचला, मला ठावं नाय. आतून किती थकलाय ते माझ्या डोळ्याला दिसत नाय. आन् भट्टीत घातला की वरची साल मऊ पडती. कोयत्याला चालतं. याला नाय चालायचं.”

दादाला ते लागले. बापाच्या हातची कमान आपल्या विमानाला असावी, एवढीच त्याची इच्छा होती. चार दिवस दोघे एकमेकांशी कामापुरते बोलत होते. मला मात्र वाटले, की आप्पांनी त्या दिवशी पुस्तकातला सर्वांत अवघड धडा सांगितला. पोलाद वारंवार लवून थकते, आणि वरच्या पातळ थरातला कर्ब भट्टीत जळून गेला, की तडा तिथूनच सुरू होतो. आपल्या हाताला काय कळते हे पुष्कळांना माहीत असते. काय कळत नाही हे सांगायला आप्पांसारखा माणूस लागतो.

हा तिढा काकूंनी सोडवला. विमान हा शब्दच त्यांना आवडत नाही. एका संध्याकाळी भाकऱ्या थापता थापता त्यांनी दादाला विचारले, “मोडायच्या आधी ती सांगंल का?”

मला वाटते, याहून नेमका प्रश्न कोणी विचारला नसता. आम्ही सारखे विचारत होतो की कोण किती सोसते. काकूंनी विचारले की कोण आधी सांगते. या प्रश्नासरशी उमेदवारांची रांगच बदलली. काचतंतूची कमान फार सोसते, पण ती वाकत नाही. लवते आणि मग एकदम जाते. तिची इजा आत, बोल्टच्या भोकापाशी, थराथरांमध्ये सुरू होते. जाणत्याला ती पांढुरक्या डागांवरून कळते, आम्हांला कळेलच असे नाही. ॲल्युमिनियमचा दोष निराळा. त्याला थोड्या थोड्या भारानेही, पुष्कळ वेळा लवले की, थकवा येतोच. पोलादाला एक हद्द असते; पृष्ठभाग चांगला असेल आणि भार त्या हद्दीच्या आत असेल, तर ते जवळजवळ थकतच नाही. शिवाय भार हद्दीबाहेर गेलाच, तर ते आधी वाकते, बसते. कमान बसली, की चाकाची उभी खुंटी वरून पुढे झुकते आणि जमिनीवर पळताना चाक थडथडायला लागते. वैमानिकाला पायांत ते जाणवते. ते कमानीचे सांगणेच आहे.

पोलादही तडा जाऊन मोडू शकते, हे खरे. त्यावर उपाय जीपच्याच कमानीत आहे. एक जाड पट्टी घेण्याऐवजी तीन पातळ पाटे एकावर एक. एक गेला तर उरलेले दोघे घरापर्यंत आणून सोडतात. एकत्र कुटुंबाचा हा फायदा आमच्या घरात कोणाला समजावून सांगावा लागला नाही.

आता ठरले आहे ते असे. कमान पोलादाचीच. पण भंगाराची नव्हे. नव्या पट्ट्या, पोलाद कोणते ते लिहिलेल्या दाखल्यासह. पाणी द्यायचे ते तापमापक असलेल्या भट्टीत. आणि मग आप्पांनी स्वतःहून एक गोष्ट सांगितली. घाटातला पाटा बहुतेक वेळा मधल्या भोकावर तुटतो, आणि तोही यू-बोल्ट ढिला झाल्यावर. तेव्हा जिथे पाटा लवतो तिथे भोक नको, पकड रुंद आणि घट्ट हवी, आणि तिचे बोल्ट दर उड्डाणाआधी हाताने तपासायचे. दादाने हे सारे आराखड्याच्या कडेला लिहून घेतले. आप्पांनी तो कागद हातात घेतला आणि म्हणाले, “बघायचं काम माझ्याकडं ठिव. दर महिन्याला कमान काढायची, घासायची, भिंगातून बघायची.” बापाच्या हातची कमान नाही मिळाली, पण बापाची नजर मिळाली.

विमान अजून कागदावर आहे. परवाने, पैसा, इंजिन, सगळे पुढेच आहे. कदाचित ते कधी उडणारही नाही. पण या कमानीने मला त्या भिंतीवरच्या वाक्याचा पुन्हा विचार करायला लावले. आमची भट्टी मूळची इथली नाही. पणजोबांचे गाव धरणाच्या पाण्याखाली गेले. ऐरण डोक्यावर घेऊन ते खाली पौडच्या वाटेला आले आणि परक्या गावात लोकांचे विळे शेवटू लागले. सत्याग्रहात तुरुंगात गेलेल्यांच्या नावांत ते नसतील. ज्यांनी मोडून घेतले, त्यांच्यापुढे माझे डोके नमलेलेच आहे. पण पणजोबांना मी आजवर मनातल्या मनात वाकलेला माणूस समजत असे. आता तसे वाटत नाही. ओझे उतरले तेव्हा ते आपल्या रेघेवर परत आले. वाकणे आणि लवणे यांत केवढे अंतर आहे, ते आप्पांच्या व्हाइसमध्ये, दोन पट्ट्या आणि तांदळाच्या एका पोत्याने मला दिसले.